टाळ्या मिळाल्या, गोळ्या सुटल्या



या ब्लॉगवर मी सहसा आजार समजावून सांगतो. आज थोडं भांडायचं आहे. भांडण कुणा एका व्यक्तीशी नाही, आपण सगळ्यांनी मिळून रूढ केलेल्या एका सवयीशी आहे. ती सवय म्हणजे घरातल्या नात्यांचे आणि मनाच्या आजारांचे प्रश्न दीड तासाच्या व्याख्यानात सुटतात असं मानण्याची, आणि तसं मानू देण्याची.

सुरुवात एका पेशंटपासून करतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पन्नाशी ओलांडलेल्या एक ताई बरीच वर्षं माझ्याकडे बीपीसाठी येतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना नैराश्याचा आजार झाला. मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, गोळी सुरू झाली, सहाएक आठवड्यांत झोप लागू लागली, चार महिन्यांत त्या पुन्हा भिशीला जाऊ लागल्या. आजार दुसऱ्यांदा आलेला असल्यामुळे गोळी बराच काळ चालू ठेवायची असं ठरलं होतं. मार्चमध्ये त्या आल्या तेव्हा वजन पाच किलोने उतरलं होतं, पहाटे तीनला जाग येत होती, आणि बोलताना नजर टेबलावरून उचलत नव्हत्या.

"गोळी कधी बंद केलीत?"

"संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळात व्याख्यान होतं ना डॉक्टर, त्यानंतर."

"बंद करायला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मॅडम बोलता बोलता म्हणाल्या, घरात नाती घट्ट असली की मनाला गोळ्यांच्या कुबड्या लागत नाहीत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. घरी येताना वाटलं, मी गोळी घेते म्हणजे माझ्याच घरात काहीतरी कमी आहे. सुनेला कळलं तर तिला काय वाटेल?"

मग पुढे त्या जे म्हणाल्या त्यासाठी हा लेख लिहितो आहे. "मी नसले तर यांचं सगळं सुरळीत होईल असं वाटतं हल्ली."

त्याच दुपारी मी त्यांच्या मुलाला बोलावून घेतलं आणि त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पोहोचवलं. आज त्या बऱ्या आहेत. पण हे थोडक्यात निभावलं.

त्या वक्त्या मानसशास्त्र शिकलेल्या होत्या. बोलल्याही छान असणार. त्यांनी कुणालाही 'गोळी बंद करा' असं सांगितलं नाही. फक्त एक टाळीचं वाक्य टाकलं आणि पुढच्या मुद्द्याकडे वळल्या. सभागृहातल्या बहुतेकींसाठी ते वाक्य चहाबरोबर विरून गेलं. एकीसाठी ते प्रिस्क्रिप्शन ठरलं.

कुबडी आणि गोळी

आधी त्या वाक्यातला वैद्यकीय घोटाळा दूर करू.

नैराश्यावरची गोळी घेतल्यावर परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण फायदा कळायला सहा ते आठ. बरं वाटू लागल्यावर पहिल्या वेळी निदान सहा ते नऊ महिने ती चालू ठेवावी लागते, आजार पुन्हा पुन्हा येत असेल तर त्याहून जास्त. ती अचानक बंद केली तर अनेकांना काही दिवस चक्कर येते, डोक्यात विजेसारखे झटके बसल्यासारखं वाटतं, चिडचिड होते. पेशंटला वाटतं, 'बघा, सवय लागली होती.' तसं नसतं. दारूची तलफ आणि हा त्रास वेगळा. मेंदूला सावरायला वेळ न देता औषध काढल्याचा तो परिणाम असतो, म्हणून डोस हळूहळू कमी करायचा असतो. आणि खरा धोका त्यानंतर असतो. काही आठवडे बरे जातात, आणि मग आजार परततो.

बीपीची गोळी घेणाऱ्याला कुणी म्हणत नाही, 'तुझी नाती घट्ट असती तर बीपी वाढलं नसतं.' थायरॉइडच्या गोळीला कुबडी म्हणत नाही. मनाच्या आजाराची गोळी तेवढी चारित्र्याचा दाखला होऊन बसते. आणि समजा ती कुबडी असली, तरी पाय मोडलेल्याची कुबडी भर सभेत काढून घेणाऱ्याला आपण काय म्हणू?

दोष कुणाच्या माथी मारायचा?

'आजाराचं मूळ घरात' हा विचार नवा नाही, आणि त्याचा इतिहास वाचला तर अंगावर काटा येतो.

१९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमान या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात एक शब्द वापरला. त्याचा अर्थ, 'स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई'. ऑटिझमबाबत तर याहून वाईट घडलं. अमेरिकेत ब्रूनो बेटलहाइम हे गृहस्थ पुस्तकांतून, मासिकांतून आणि दूरचित्रवाणीवरून घराघरांत पोहोचलेले होते. १९६७ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात त्यांनी मांडलं की मूल स्वतःत मिटून जातं ते आईवडिलांच्या, विशेषतः आईच्या, थंडपणामुळे. ते स्वतः नाझी छळछावणीत राहिलेले होते, आणि त्या मुलांची तुलना त्यांनी छावणीतल्या कैद्यांशी केली. त्या तुलनेत आई कोण ठरली याचा विचार करा. भाषा प्रभावी, अनुभव दाहक, ऐकणारे भारावलेले. आणि सिद्धान्त साफ चुकीचा.

तो चुकीचा आहे हे सांगणारा माणूसही मानसशास्त्रज्ञच होता. बर्नार्ड रिमलँड यांचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता. बेटलहाइम यांच्या त्या पुस्तकाच्या तीन वर्षं आधीच, १९६४ मध्ये, त्यांनी पुस्तक लिहून दाखवून दिलं होतं की हा मेंदूच्या विकासाचा प्रश्न आहे, आईच्या मायेचा नाही. तरीही पुढची कित्येक वर्षं हजारो आया अपराधीपणाचं ओझं वाहत राहिल्या. मुलाचा त्रास एक, आणि 'तुझ्यामुळेच' हा ठपका वर.

मग घराचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो नीट अभ्यासलेला आहे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयातून घरी गेलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा मागोवा घेतला. ज्या घरांत सतत टीका, राग, किंवा अति काळजीने घेरून टाकणं होतं, तिथे आजार उलटण्याचं प्रमाण जास्त निघालं. पुढे असंही दिसलं की औषधांच्या जोडीला कुटुंबाला आजार समजावून दिला, बोलण्याची पद्धत शिकवली, तर आजार उलटणं कमी होतं.

या दोन गोष्टींतला फरक समजून घ्या, कारण सगळा लेख त्यावर उभा आहे. घर हे आजाराचं कारण आहे असं म्हणणं वेगळं, आणि घरातल्या वागण्यामुळे आजाराची वाटचाल बदलते असं म्हणणं वेगळं. पहिलं म्हणणं माणसाला आरोपी करतं, दुसरं त्याला मदतनीस करतं. व्यासपीठावर मात्र पहिलंच जास्त खपतं, कारण त्यात गोष्ट असते, खलनायक असतो.

स्वभाव की आजार?

फिजिशियन म्हणून मला आणखी एक काळजी आहे. व्याख्यानात ज्याला 'नात्यातला प्रश्न' म्हणतात, तो कधी कधी रक्ताच्या तपासणीत सापडतो.

एका घरातले शहात्तर वर्षांचे सासरे. हृदयाचे ठोके अनियमित म्हणून रक्त पातळ करणारी गोळी चालू. मध्यंतरी बाथरूममध्ये घसरले होते, टेंगूळ आलं, सगळे विसरले. तीन आठवड्यांनी ते विचित्र वागू लागले. दिवसा झोपायचे, सुनेने पैसे चोरले म्हणायचे, कपड्यात लघवी व्हायची. घरच्यांनी एका कार्यक्रमात ऐकलं होतं की म्हातारपण हे दुसरं बालपण, वृद्ध लक्ष वेधून घेण्यासाठी असं करतात, त्यांना वेळ द्या. बिचाऱ्यांनी वेळ दिला. मुलगा रोज तासभर त्यांच्याशी गप्पा मारत बसला. सीटी स्कॅन केला तेव्हा कवटीच्या आत, मेंदूच्या बाहेर रक्त साचलेलं दिसलं. छिद्र पाडून ते काढलं, आणि आठवड्याभरात आजोबा पेपर वाचू लागले.

असं बरंच काही असतं. बीपीच्या काही गोळ्यांनी सोडियम उतरतं आणि म्हातारी माणसं असंबद्ध बोलू लागतात. थायरॉइड कमी पडलं की माणूस मंद, उदास होतो, आणि घरात 'आळशी' ठरतो. बी-१२ कमी झालं की विसराळूपणा, चिडचिड वाढते. हे शाकाहारी लोकांत आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत नेहमी दिसतं. पन्नाशीतला सज्जन माणूस एकाएकी अघळपघळ, असभ्य वागू लागला तर तो मेंदूच्या पुढच्या भागाचा डिमेन्शिया असू शकतो. घोरणारा नवरा दिवसभर खेकसत असेल, तर झोपेत श्वास अडकण्याची तपासणी करावी लागते.

आणि बाळंतीण. 'पूर्वीच्या बायकांची आठ-आठ बाळंतपणं व्हायची, तेव्हा कुठे होतं डिप्रेशन?' हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे, आणि त्यावर हशाही ऐकला आहे. तेव्हाही होतं. तेव्हा त्याला बाहेरची बाधा म्हणायचे, किंवा विहिरीच्या काठावर ते संपायचं आणि घर गप्प बसायचं. प्रसूतीनंतरचं नैराश्य पहिल्या वर्षात कधीही येऊ शकतं. प्रसूतीनंतर पहिल्या दोन आठवड्यांत बाई झोपेनाशी झाली, भलतंसलतं बोलू लागली, बाळाबद्दल विचित्र शंका घेऊ लागली, तर ती तातडीची वैद्यकीय वेळ आहे. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

टाळी एका हाताने वाजत नाही?

हे कौटुंबिक व्याख्यानांचं लाडकं वाक्य. रुसव्याफुगव्यांसाठी ते ठीक आहे. पण सभागृहात शंभर बायका बसल्या असतील, तर त्यांत मार खाणारीही कुणी बसलेली असते. तिला हे वाक्य ऐकवलं की ती रात्री हिशोब करत बसते, आपलं काय चुकलं. टाळीला दोन हात लागतात, थपडेला एकच पुरतो.

आपल्याकडे २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे. त्यात मारहाणीबरोबर मानसिक छळ, अपमान, पैशांची अडवणूक हेही हिंसाचारात धरलं आहे. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. नात्यांवर बोलणाऱ्याने समजुतीचे, माघार घेण्याचे दहा मंत्र द्यावेत, पण हे सांगायला एक मिनिट ठेवू नये?

'घरोघरी मातीच्या चुली' हेही तसंच. खरं आहे, चूल सगळ्यांकडे मातीचीच. पण एखाद्या घरात चुलीचा जाळ छपराला लागलेला असतो. त्या घराला 'सगळीकडे असंच असतं' म्हणणं म्हणजे दिलासा नव्हे.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. सर्वाधिक, २२,७४६, आपल्या महाराष्ट्रात. कारणांत पहिलं कारण 'कौटुंबिक समस्या', ३१.७ टक्के. हा आकडा व्यासपीठावरून 'नाती तुटली म्हणून माणसं मरतात' असा सांगितला जातो. पण ही पोलिसांची नोंद आहे, एका रकान्यात एक कारण. घरात भांडण झालं हे शेजारी सांगतात. त्याआधी तीन महिने माणूस झोपला नव्हता, हे कुणी विचारत नाही. भांडण आणि आजार बरेचदा एकाच घरात, एकाच माणसात असतात. दोन्हींवर इलाज लागतो.

व्याख्यानानंतर घरात काय होतं?

व्याख्यान संपल्यावर त्यातली दोन मिनिटांची क्लिप कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येते. खाली लिहिलेलं असतं, 'सर्वांनी जरूर ऐका.' हे 'सर्वांनी' म्हणजे कोण, ते घरात सगळ्यांना माहीत असतं. लेकी बोले सुने लागे! सासू सुनेसाठी टाकते, सून सासूसाठी, बाप मुलासाठी. स्वतःसाठी ऐकलेलं व्याख्यान मी अजून कुणाच्या ग्रुपवर पाहिलेलं नाही.

समुपदेशनाच्या खोलीत असं होत नाही. तिथे मानसशास्त्रज्ञ आधी ऐकतो. दोन्ही बाजू ऐकतो. मग बोलतो. व्याख्यानात तो फक्त बोलतो. ज्याचं कौशल्य ऐकण्यात आहे त्याला आपण न ऐकता उत्तरं द्यायला उभं करतो, आणि वर मानधनाचं पाकीट देतो.

तुम्ही म्हणाल...

तुम्ही म्हणाल, 'डॉक्टर, तज्ज्ञ आहेत कुठे? व्याख्यानं तरी आहेत.' बरोबर. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दहापैकी एका प्रौढाला त्या वेळी मानसिक आजार होता, आणि नैराश्य-चिंता यांसारख्या आजारांत शंभरातल्या सुमारे ८५ जणांना उपचार मिळत नव्हते. म्हणूनच तर म्हणतो. अनेकांच्या आयुष्यात मानसिक आरोग्याशी पहिली आणि एकमेव गाठ त्या व्याख्यानातच पडते. पहिलंच दार चुकीच्या खोलीत उघडलं तर माणूस पुन्हा दार ठोठावत नाही.

तुम्ही म्हणाल, 'तुम्ही डॉक्टर तरी काय करता? पाच मिनिटांत गोळी लिहून मोकळे.' हा आरोप मान्य. झोपेची गोळी वर्षानुवर्षं चालू ठेवणारे, पेशंट रडायला लागला की घड्याळ बघणारे, आमच्यातच आहेत. सौम्य आणि मध्यम नैराश्यात शास्त्रशुद्ध मानसोपचार, म्हणजे नीट शिकलेल्या माणसाने ठरावीक बैठकांत केलेला संवाद, गोळीइतकाच उपयोगी पडतो, हे सिद्ध झालेलं आहे. माझं भांडण मानसशास्त्राशी नाही. मानसशास्त्राच्या नावाने होणाऱ्या सुविचारांशी आहे.

आणि चांगली व्याख्यानं असतातच. माझा एक पेशंट दारूतून सुटला तो बायकोने एक व्याख्यान ऐकल्यामुळे. वक्त्याने सांगितलं होतं की व्यसन हा आजार आहे, त्याला उपचार आहेत, आणि पत्नीने स्वतःसाठी आधारगट शोधावा. शेवटी फळ्यावर पत्ता आणि वेळ लिहिली होती. ती पत्ता उतरवून घेऊन गेली. ठाण्याची आयपीएच, पुण्याचं मुक्तांगण या संस्थांनी महाराष्ट्रात मानसिक आरोग्यावर बोलण्याची जी पद्धत रुजवली, तिचं मोल मी जाणतो. तिथे बोलण्याच्या मागे काम उभं आहे.

माझीही एक चूक

हे सगळं मी वरच्या पायरीवरून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी ज्येष्ठ नागरिक संघात मधुमेहावर बोलताना मी एक चुटका सोडला. 'मधुमेह म्हणजे जिभेने केलेल्या पापाची शरीराला शिक्षा.' मोठा हशा आला. कार्यक्रम संपल्यावर एक तरुण बाई पुढे आली. सासऱ्यांना सोडायला आली होती. म्हणाली, "माझी मुलगी सहा वर्षांची आहे. टाइप वन. दिवसातून चार वेळा इन्सुलिन टोचते तिला. तिने कुठलं पाप केलं, डॉक्टर?"

टाइप वन मधुमेह खाण्याने होत नाही, हे मला एमबीबीएसला असल्यापासून ठाऊक आहे. त्या क्षणी मला टाळी हवी होती, एवढंच. मी तिची माफी मागितली. पण जे टाळ्या वाजवून घरी गेले, त्यांची माफी मागायची राहूनच गेली. तेव्हापासून चुटका सोडण्याआधी मी समोरच्या रांगेत ती बाई बसली आहे असं धरून चालतो.

बोलणाऱ्यांना मागणं

व्यासपीठावरून नात्यांवर बोलणाऱ्या प्रत्येकाने, मानसशास्त्रज्ञ असो, समुपदेशक असो वा माझ्यासारखा डॉक्टर, एवढं करावं.

१. 'चालू औषध स्वतःहून बंद करू नका' हे वाक्य प्रत्येक कार्यक्रमात म्हणावं.

२. आपलं शिक्षण नेमकं सांगावं. मानसोपचारतज्ज्ञ हा औषध देणारा डॉक्टर. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते. आठवड्याचा कोर्स केलेला समुपदेशक या दोघांच्या जागी बसू शकत नाही.

३. एका घराची गोष्ट सगळ्यांना लागू करू नये.

४. आजाराचं कारण म्हणून आईकडे, सुनेकडे, नोकरी करणाऱ्या बाईकडे बोट दाखवू नये.

५. शेवटची पाच मिनिटं पुढे कुठे जायचं यासाठी ठेवावीत.

आणि तुम्ही, ऐकणाऱ्यांनी

व्याख्यानाला जरूर जा. पण तिथे ऐकलेल्या वाक्यावरून औषध, लग्न किंवा म्हाताऱ्या आईवडिलांचा मुक्काम यांपैकी काहीही बदलू नका. घरातल्या माणसाचं वागणं काही आठवड्यांत एकदम बदललं असेल तर आधी फिजिशियनला दाखवा. झोप, भूक, वजन आणि रस यांपैकी बरंच काही दोन आठवड्यांहून जास्त काळ हरवलं असेल तर तो स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. कुणी 'मी नसलो तर बरं' म्हणालं, तर सुविचार सांगू नका, त्याला एकटं सोडू नका, आणि त्याच दिवशी मदत गाठा. टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही.

त्या ताई परवा आल्या होत्या. बीपी छान. वजन भरलं आहे. जाताना म्हणाल्या, "यंदाही मंडळात व्याख्यान आहे. जाऊ का?"

म्हटलं, "जा की. तिळगूळही घ्या. आणि प्रश्नोत्तरं असतील तर उठून सांगा, की मी गोळी घेते आणि माझी सूनच मला ती रोज रात्री आठवणीने देते."

त्या हसल्या. उठून सांगतील की नाही, माहीत नाही. पण गोळी चालू आहे.